अवशिष्ट ताणाचा आकडा खोलीशिवाय नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कार्बन स्टीलच्या भागांच्या तपासणी अहवालात क्ष-किरण विवर्तनाने (स्फटिकातील अणूंच्या थरांवरून परतणाऱ्या किरणांच्या कोनावरून) मोजलेल्या अवशिष्ट ताणाचा, म्हणजे बाहेरचा भार नसतानाही भागात उरलेल्या ताणाचा, बहुधा एकच आकडा असतो, उदाहरणार्थ ‘उणे ३२० मेगापास्कल’. उणे म्हणजे दाब, हे वाचून स्वीकारणारा निर्धास्त होतो. पण हा ताण किती खोलीवरचा आणि पृष्ठभाग कसा तयार केला होता, हे अहवालात नसेल तर त्या आकड्यावर भाग पास करू नये.

क्रोमियमचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीचे किरण पोलादात जेमतेम ५ मायक्रॉन शिरतात, म्हणून मोजला जातो तो तेवढाच थर. तिथे स्केल (तापवताना बसलेला ऑक्साइडचा थर) किंवा कार्बन उडालेली कातडी असते. ती काढायला हँड ग्राइंडर फिरवला, की यंत्र ग्राइंडरने घातलेला ताणच चोख मोजून देते! पॉलिश पेपरचेही तेच. थर काढायचा तो इलेक्ट्रोपॉलिशिंगनेच, म्हणजे द्रावणात वीज सोडून धातू विरघळवत; मिठाचे संपृक्त द्रावण त्याला चालते. दर टप्प्याला खोली डायल गेजने मोजावी. थर गेल्यावर उरलेला ताणही थोडा सैल होतो, त्याची दुरुस्ती गणितात धरावी लागते.

नळीची निवडही महत्त्वाची. क्रोमियमने फेराइटच्या (पोलादातील लोखंडाच्या मुख्य स्फटिकरूपाच्या) २११ प्रतलाचे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक थरसंचाचे, शिखर टू थीटा (किरण वळण्याचा कोन) १५६ अंशांच्या आसपास येते. १०० मेगापास्कल ताण असलेला नमुना ४५ अंश कलवला, तर ते सुमारे ०.१६ अंश सरकते. तांब्याच्या नळीने तेच शिखर ८२ अंशांवर येते आणि जेमतेम ०.०३ अंश हलते. शिवाय लोखंडाच्या प्रतिदीप्तीने (तांब्याच्या किरणांनी लोखंडच स्वतःचे क्ष-किरण सोडते) पार्श्वभूमी वाढते, ती वेगळीच.

वेगवेगळ्या कलांवरची शिखराची जागा आलेखावर मांडून, त्या रेषेच्या चढावरून ताण काढतात. फक्त दोन कलांवर मोजणी उरकण्याची सवय सर्वांत घातक, कारण दोन बिंदूंतून रेषा सरळच जाते. दोन्ही बाजूंना मिळून सात-नऊ कल घेतले तर दोष दिसतात: बिंदू विखुरले तर कण जाड आहेत (तेव्हा कल २-३ अंश डोलवत मोजावे), रेषा वाकली तर रोलिंगची पोत (कण एकाच दिशेने वळलेले), अधिक-उणे बाजूंच्या शाखा फाकल्या तर कर्तन ताण (थर एकमेकांवर सरकवू पाहणारा) किंवा नमुन्याची उंची चुकलेली. तणावरहित लोहचूर्णावर यंत्राने शून्याच्या १४ मेगापास्कल आतबाहेरच दाखवले पाहिजे. ही खात्री मोजणीआधी करावी.

गणितात २१० गिगापास्कल हा ढोबळ लवचिकता गुणांक घातला, तर उत्तर पाच-सहा टक्क्यांनी चुकते; २११ प्रतलाचा स्वतःचा स्थिरांक वापरावा. आणि जास्त कार्बनच्या पोलादात हा ताण फक्त फेराइटचा असतो, सिमेंटाइटचा (लोह-कार्बन संयुगाचा) त्यात नसतो, हेही अहवालात लिहावे.

आपले,
पदार्थ चाचणी क्षेत्रातील काही वाचक