बिलाची मागची बाजू कोरी का?

महोदय,

मालमत्ता कराचे यंदाचे बिल हातात पडले. मूल्यांकन, दर, थकबाकी, व्याज, सगळे रकाने पैशांपर्यंत चोख. लेखातपासनीस म्हणून आयुष्य गेल्याने सवयीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

शहराचा अर्थसंकल्प मागायला गेलो तेव्हा जाडजूड पुस्तक मिळाले. 'रस्ते दुरुस्ती' या एकाच ओळीसमोर भलीमोठी रक्कम. कोणता रस्ता, कोण ठेकेदार, दोष निवारणाची मुदत कधीपर्यंत, एक अक्षर नाही. आमच्या गल्लीत आधी डांबर पडले, मग जलवाहिनीसाठी खोदाई झाली, मग पुन्हा डांबर. तिन्ही वेळा पैसा आमचाच. दोन खात्यांनी एकमेकांना विचारले असते तर एक फेरा सहज वाचला असता.

कर भरायला माझी ना नाही. दिवाबत्ती, गटारे, कचरा यावरच चालतात. पण दर तोच ठेवून मूल्यांकन वाढवले तरी बिल वाढते आणि 'करवाढ नाही' असे सांगता येते, याची मला चीड येते. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांना कामांचा अग्रक्रम ठरवू दिला. आमची मागणी त्याहून लहान आहे. गतवर्षीचा प्रत्यक्ष खर्च प्रभागवार छापा. लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांवरची उत्तरेही द्या. बिलाच्या कोऱ्या बाजूवर त्याला पुरेशी जागा आहे.

– एक करदाता, निवृत्त लेखातपासनीस