बाराही महिने हिरवंगार म्हणून विकलेलं लॉन एप्रिलमधेच वाळलं, पैसे परत करा

विषय: 600 चौरस फुटांचं लॉन किट, जुळे सोलापूर, पूर्ण गेलंय, रिफंड पाहिजे

नमस्कार,

हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्ही मेलना "आपली तक्रार नोंदवली आहे" असं उत्तर दोन मिनिटांत आलं आणि पुढे काहीच नाही, म्हणून या वेळी सगळं पहिल्यापासून लिहितोय, लांबेल, पण कुणीतरी माणसाने वाचा ही विनंती.

नोव्हेंबरमधे तुमच्या साइटवरून किट घेतलं. बियाणं, बूस्टर खत, तणनाशकाच्या दोन बाटल्या आणि तुमच्या एक्स्पर्टची एक व्हिजिट, सगळं मिळून 11,400 रुपये. साइटवर लिहिलं होतं "कुठल्याही हवामानात बाराही महिने हिरवंगार". तरी मी ऑर्डरच्या आधी चॅटवर स्पष्ट विचारलेलं की आमचं गाव सोलापूर, ऊन कडक, माती काळी, चालेल का? तुमच्याकडून उत्तर आलं "येस सर 100% चालेल" आणि पुढे एक अंगठा. स्क्रीनशॉट जोडलाय, अंगठ्यासकट.

तुमचा एक्स्पर्ट आला तो पुण्याहून. मुलगा बोलायला चांगला, पण त्याने मातीला हात लावला नाही. आमच्या अंगणात दीड-दोन फूट काळी माती आहे, ज्वारीची माती ही, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की गेल्या वर्षी नातवाची गोटी भेगेत गेली ती अजून सापडलेली नाही. याने ती तशीच टिकावाने उकरायला लावली, वर तुमचं बी फेकलं आणि रोलर फिरवून मोकळा. खाली मुरूम टाका, उतार काढा, वर लाल माती किंवा पोयटा पसरा, चांगलं कुजलेलं शेणखत घाला, यातलं एक अक्षर बोलला नाही. हे मला नंतर विजापूर रोडच्या एका नर्सरीवाल्याने सांगितलं, फुकटात, चहा पिता पिता.

बरं, त्याने आणखी एक केलं. कोपऱ्यात नळाजवळ हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, होती, ती बघून म्हणाला "सर हा लॉनचा एक नंबर दुश्मन, एवढं मारा", आणि तणनाशक कसं फवारायचं ते शिकवलं. बायको मधे पडली, गणपतीत रोज एकवीस दूर्वा मी बाजारातून आणू का म्हणाली, म्हणून तेवढा कोपरा राहिला. या हरळीकडे मी पुढे येतोच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं. आठ दिवसांत कोंब दिसले, तीन आठवड्यांत सगळं पोपटी झालं, खोटं कशाला बोलू, बघण्यासारखं होतं. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आलेले, सगळ्यांनी तिथे उभं राहून फोटो काढले, मीच चार जणांना तुमची लिंक पाठवली (त्यातले दोघे आता माझ्याशी नीट बोलत नाहीत).

मार्चच्या मध्याला टोकं तपकिरी व्हायला लागली. तुमच्या कस्टमर केअरच्या मॅडम म्हणाल्या पाणी कमी पडतंय, दोन वेळा द्या. दिलं. मग पानं पिवळी पडली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, त्याचे फोटो पाठवले तर म्हणाल्या बूस्टर द्या. आता बघा, पोत्यावर छापलंय नत्र 46%, म्हणजे सरळ युरिया आहे तो रंग लावून, आणि तो तुम्ही मला एप्रिलमधे 42 डिग्रीत टाकायला सांगितला. तीन दिवसांत जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे गोल जळका डाग. वरून पाहिलं तर जुन्या गोधडीसारखं दिसत होतं. एप्रिलअखेर काडी राहिली नाही.

मग मी दोन गोष्टी केल्या ज्या आधी करायला पाहिजे होत्या हे मान्य. एक, माती तपासून आणली. सामू (pH) 8.2, चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना मिळत नाही म्हणून पान पिवळं पडतं, त्याला युरिया कशाला, हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहच) फवारायला पाहिजे होतं, आणि हे आमच्याकडचा कुठलाही द्राक्षवाला झोपेत सांगेल. दोन, बियाण्याच्या पाकिटाची मागची बाजू भिंग घेऊन वाचली. केंटकी ब्लू ग्रास 70%, रायग्रास 30%, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: योग्य तापमान 15 ते 25 अंश सेल्सिअस. अहो, सोलापुरात 25 अंश ही मे महिन्यातली पहाटेचीसुद्धा लॉटरी आहे! हे थंड मुलखातलं गवत, नाव केंटकीचं असलं तरी मूळ युरोप आणि उत्तर आशियाकडचं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो, त्याच्या दारात हेच आहे, त्याला फोन केला तर आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, अरे इथे ऑगस्टमधे आमचंसुद्धा तपकिरी होतं, तू सोलापुरात लावलंस?

आता पाण्याचं. तुमचं तिन्ही कॉलवर एकच पालुपद, "सर पाणी कमी पडलं असणार". मग हिशोबच करू. 600 चौरस फूट म्हणजे साधारण 56 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. रोज नुसतं 6 मिलिमीटर धरलं तरी 336 लिटर झाले, आणि आमच्या उन्हात तेवढंही पुरत नाही. आमच्याकडे नळाला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, टाकी 2000 लिटरची, माणसं सहा. पाच दिवसांचे 1680 लिटर मी गवताला घातले तर आम्ही काय करायचं, तोंड पुसून बसायचं? तरी मी बोअरचं दिलं, आणि ते इतकं खारं आहे की सुकल्यावर मातीवर पांढरा थर धरतो. म्हणजे पाणी देऊनही मेलं आणि दिल्यामुळेही मेलं.

आणि ती हरळी. एप्रिल, मे, दोन महिने कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, नळाचं ठिबकणारं पाणी तेवढंच. जूनच्या पहिल्या दोन सरी पडल्या आणि आज ती नळापासून निघून तुमच्या मेलेल्या लॉनवर आठ फूट आत आलीये, एकेक पेर टेकवत मूळ धरत चाललीये. माझे सासरे शेतकरी, त्यांनी उभा जन्म नांगरामागे चालत हरळीच्या काश्या (जमिनीखालची खोडं) वेचून बांधावर जाळल्या, ते परवा येऊन बघून म्हणाले "हिला मारायला आम्ही हरलो आन् तुम्ही हिच्या जागेवर इलायती लावताय होय". नर्सरीवालाही तेच म्हणाला, क्रिकेटच्या ग्राउंडवर बर्म्युडा म्हणून लावतात ते हिचंच घराणं, ऊन खाते, वाळली तरी खालून जिवंत राहते, फक्त सावलीत नाही येत. म्हणजे 11,400 रुपयांचं काम जी फुकट करत होती तिलाच मारायचं औषध तुम्ही मला किटमधे विकलंत.

तर माझं म्हणणं. पूर्ण 11,400 परत करा, "पुढच्या खरेदीवर 20% कूपन" नको, मला तुमच्याकडून पुढची खरेदी करायची नाहीये. तापमानाची ती ओळ पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठी छापा आणि साइटवरून "कुठल्याही हवामानात" काढा, शिमला-श्रीनगरला विका की, तिथे छान येईल. आणि गिऱ्हाइकाने गावाचं नाव सांगितल्यावर अंगठा पाठवायच्या आधी एकदा नकाशा बघा.

पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे सोलापुरात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी पण नाही, त्यामुळे पुण्याहून खेटे तुम्हाला घालावे लागतील, मला रिक्षाने वीस मिनिटं. एवढ्यावर न्यायचं नाही खरंतर, पण चौथा मेल आहे.

सोबत चॅटचा स्क्रीनशॉट, बिल, माती तपासणीचा रिपोर्ट, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि जानेवारी, एप्रिल, जून असे लॉनचे तीन फोटो जोडलेत. तणनाशकाच्या दोन्ही बाटल्या सील न फोडता माळ्यावर आहेत, पिकअपला माणूस पाठवा, घरात लहान मूल आहे.

आपला ग्राहक,
जुळे सोलापूर