नंबर काढताना आजार ओळखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून मुलाला तुमच्याकडे आणलं होतं. चष्म्याचा नंबर लिहून दिला असतात तरी आम्ही समाधानाने घरी गेलो असतो. पण स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, त्याला खाली बघायला सांगून तुम्ही वरची पापणी बोटाने उचललीत आणि तिथेच बराच वेळ पाहत राहिलात. बुबुळाच्या अगदी कडेला हिरवट-तपकिरी कड होती. ती वरच्या बाजूने सुरू होते, म्हणून पापणीआड लपते. आपल्यासारख्या गडद डोळ्यांत तर नुसत्या नजरेला सहसा दिसतच नाही.

मग तुम्ही विचारलंत, "हात थरथरतो का? अक्षर बिघडलंय?" दोन्ही खरं होतं. थरथरीला अशक्तपणाचं नाव मिळालं होतं, लिव्हरच्या बिघडलेल्या रिपोर्टला आणखी वेगळं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे तोवर कोणीच म्हटलं नव्हतं.

"नजरेला याचा धोका नाही, पण तांबं डोळ्यात उतरलंय म्हणजे शरीरात आधीच साठलंय," असं तुम्ही सांगितलंत. या कडेचं कायसर-फ्लायशर रिंग हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अशी कड लिव्हरच्या इतर काही जुनाट आजारांतही क्वचित दिसते, म्हणून शरीरात तांबं साठत जाणाऱ्या विल्सन आजाराचा शिक्का न मारता तुम्ही रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि 24 तासांच्या लघवीतलं तांबं तपासायला लावलंत. लिव्हरच्या डॉक्टरांना स्वतः फोन केलात. हा फोन मला निदानाइतकाच मोठा वाटतो, कारण चिठ्ठी घेऊन दारोदार फिरण्याची वेळ आमच्यावर आली नाही.

आणि धाकटीचं काय सांगू! आजार आनुवंशिक आहे, सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता 4 पैकी 1 असते, असं सांगून तुम्ही तिच्याही तपासणीचा आग्रह धरलात. तिला तसूभर त्रास नव्हता, तरी रिपोर्टमध्ये आजार निघाला. लिव्हरला फारशी इजा व्हायच्या आत तिचं औषध सुरू झालं.

औषधं दोघांनाही जन्मभर घ्यायची आहेत, एकही डोस चुकवायचा नाही. मुलाची थरथर हळूहळू उतरतेय, अक्षर पुन्हा वाचता येतं. उपचाराने ती कडही फिकी होत जाते असं तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या तपासणीला दोघांनाही घेऊन येते, तेव्हा तुम्हीच पाहा.

मनापासून आभार, मॅडम.

आपली कृतज्ञ,
दोघांची आई