साडेचारचे साडेपाच कसे झाले

लंडन
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई, बाबा आणि आज्जी,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर धड बोलणं झालंच नाही, तुमच्याकडे पंगत बसायची घाई, मागे पाहुण्यांचा गलका, आणि मी ड्युटीवरून थेट बसस्टॉपवर उभी, त्यामुळे म्हटलं आज सुट्टी आहे तर सगळं सविस्तर लिहूनच पाठवावं. दादा प्रिंट काढून देईल, आज्जीला वाचून दाखवा.

आज्जी, तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाला मी साडेबाराला व्हिडिओ कॉलवर येणार असं ठरलेलं, तुला ओवाळतील तेव्हा मी समोर असणार होते, आणि मी आले दीड वाजता. वहिनी सांगत होती की तू पाटावरून उठायलाच तयार नव्हतीस, पोरगी येऊ दे म्हणत बसलीस, शेवटी गुरुजींना पुढे जायचं होतं म्हणून उरकून घेतलं. ते ऐकून मला बसमध्ये रडू आलं. घड्याळ बदलणार हे मला माहीत होतं, महिन्याभरापूर्वी वॉर्डात कागदसुद्धा लावला होता, पण तुम्हाला वेळ कळवताना मी जुनाच हिशोब केला, साडेचार तासांचा. चूक माझी आहे, दादाला कुणी काही बोलू नका.

बाबा, तुम्ही त्या गडबडीत एकच विचारलंत, शनिवारपर्यंत साडेचार तासांचा फरक होता तो एका रात्रीत साडेपाच कसा झाला, हललं कोण, भारत की इंग्लंड? हललं इंग्लंड. आपलं घड्याळ बारा महिने एकाच जागी असतं, इथलं मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सुरू केलेली पद्धत आहे, उन्हाळ्यातला उजेड वाया जाऊ नये म्हणून, ती अजून चालूच आहे. आणि दोघांच्याही मध्ये एक तिसरं घड्याळ आहे जे कुणासाठीच हलत नाही, त्याला यूटीसी म्हणतात, म्हणजे अख्ख्या जगाची प्रमाण वेळ. तुमच्या रेल्वेच्या रुळांच्या कडेला किलोमीटरचे खांब असतात ना, गाडी कुठेही थांबो, पुढे जावो की मागे येवो, खांब आपला तिथेच, आणि गाडी कुठे आहे हे सांगायचं तर खांबाच्याच हिशोबाने सांगायचं, तसंच हे. भारत त्या खांबापासून साडेपाच तास पुढे, कायमचा. लंडन उन्हाळ्यात एक तास पुढे आणि हिवाळ्यात बरोबर खांबावर. म्हणून उन्हाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर आणि हिवाळ्यात साडेपाच.

हे सगळं मी पुस्तकी वाचलं होतं पण खरं कळलं ते शनिवारच्या रात्री. आमची नाइट तशी साडेबारा तासांची, त्या रात्री ती साडेतेरा तासांची झाली. रात्री दोन वाजले की घड्याळ परत एक करायचं, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. माझ्याकडे एक आजोबा होते, पोटाचं ऑपरेशन झालेलं, दर तासाला त्यांच्या लघवीचं माप चार्टवर लिहायचं. एक वाजता लिहिलं, दोनला लिहायला गेले तर परत एकच वाजलेला. तेवढ्या वेळेपुरतं आम्ही कॉम्प्युटर सोडून कागदावर लिहीत होतो आणि प्रत्येक आकड्यापुढे पहिला एक की दुसरा एक ते लिहायचं असं आधीच सांगितलेलं. त्याच आजोबांना अँटिबायोटिक दर सहा तासांनी होतं, रात्री दहाला दिलेलं, म्हणजे पुढचं चारला असं मी सवयीने मनात धरून बसलेले, आणि आमच्या सीनियर सिस्टर, केरळच्या आहेत, वीस वर्षं झाली त्यांना इथे, त्या माझ्या मागे येऊन हळूच म्हणाल्या की घड्याळ बघू नकोस, तास मोज. मी बोटांवर मोजले, दहा, अकरा, बारा, एक, परत एक, दोन, तीन. तीन वाजताच सहा तास भरत होते. चार वाजता दिलं असतं तर सात झाले असते. आजोबांच्या शरीराला सरकारने घड्याळ मागे केलंय हे काय माहीत, त्याचे तास त्याच्या हिशोबानेच चाललेले. मी तीनलाच दिलं.

सकाळी कॉम्प्युटरवाला मुलगा आला त्याला मी विचारलं की तुमच्या मशीनचा गोंधळ नाही का होत. तो म्हणाला मशीनला आतमध्ये दीड कधी दोनदा वाजतच नाही, आत सगळं यूटीसीवर चालतं, पहिला दीड म्हणजे तिच्यासाठी साडेबारा आणि दुसरा दीड म्हणजे दीड, फक्त तुम्हाला स्क्रीनवर दाखवताना ती एक तास वाढवते किंवा वाढवत नाही. मला ते फार पटलं. विमानं, हवामानाच्या नोंदी, बँकांचे सर्व्हर सगळे आतून याच एका घड्याळावर, आणि आपण आपापल्या गावची पाटी त्यावर लावतो.

आता हे घड्याळ आहे कुठे असं तुम्ही विचारालच. एका जागी नाहीच आहे ते. जगभरातल्या ऐंशीच्या वर संस्थांमधली चारशेहून जास्त अणुघड्याळं असतात, त्यांची सरासरी पॅरिसजवळ सेव्र नावाच्या गावातली वजनमापांची आंतरराष्ट्रीय संस्था काढते. सीझियम नावाच्या धातूच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद, १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच ही आहे. आपल्या भारताची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिचीही घड्याळं त्या सरासरीत असतात, म्हणजे आपणही तो खांब धरून ठेवणाऱ्यांपैकी एक आहोत, हे वाचून मला बरं वाटलं. आणि अणू ठरलेल्या गतीने चालतो पण पृथ्वी किंचित मागेपुढे फिरते, मग दोघांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून आतापर्यंत २७ वेळा एकेक सेकंद घालावा लागला. शेवटचा आपल्याकडे आला १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर एकदम साडेपाच वाजलेच नाहीत, मध्ये साठावा सेकंद आला. बाबा, तुम्ही तेव्हा नोकरीत होतात, त्या पहाटे ड्युटीवर होतात का हो? आता २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचं ठरलंय.

काल मी ग्रीनिचला जाऊन आले, लंडनमधलीच जुनी वेधशाळा आहे ती. जुलैमध्ये मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा फाटकाच्या भिंतीवरचं ते मोठं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा एक तास मागे दिसलं, मला वाटलं बंद पडलंय. बंद नव्हतं, १८५२ सालचं ते घड्याळ उन्हाळा असो हिवाळा असो ग्रीनिचचीच वेळ, म्हणजे इथली हिवाळ्यातली वेळ दाखवतं, कुणाचं ऐकत नाही. काल बघितलं तर आमच्या दोघांची वेळ सारखी. त्याच्यावर चोवीस आकडे आहेत, तासकाटा दिवसातून एकदाच फिरतो, तुमच्या स्टेशनच्या चोवीस तासांच्या वेळेसारखं, तुम्हाला बघताक्षणी वाचता येईल. वर छपरावर एक लाल गोळा आहे, १८३३ पासून, बारा पंचावन्नला तो खांबावर अर्धा चढतो, बारा अठ्ठावन्नला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली येतो. पूर्वी थेम्स नदीतल्या जहाजांचे लोक तो गोळा बघून आपली घड्याळं लावायचे आणि मग समुद्रावर त्या घड्याळावरून आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आलो ते काढायचे. काल मी मान वर करून उभी होते, गोळा खाली आला, आणि मनात पहिलं काय आलं असेल तर मिरजेत साडेसहा, आज्जीने देवाजवळ दिवा लावला असेल.

जमिनीवर धातूची पट्टी आहे, शून्य रेखांश. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि २२ जणांनी ग्रीनिचच्या बाजूने मत दिलं, फ्रान्स तटस्थ राहिला. गंमत अशी की पट्टीवर उभं राहून मोबाइल बघितला तर शून्य येईना, ते यायला बागेत १०२ मीटर पूर्वेला चालत जावं लागलं, कारण ही रेघ ज्या जुन्या दुर्बिणीवरून ठरली ती तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवर सरळ लावलेली आणि उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात, त्यात तेवढा फरक पडतो. तिथेच एका बाईंची गोष्ट कळली, रूथ बेलव्हिल. त्या दर आठवड्याला आपलं घड्याळ ग्रीनिचला नेऊन तपासून घ्यायच्या आणि मग लंडनभर गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन ती वेळ दाखवायच्या, त्याचे पैसे घ्यायच्या, आपल्याकडे दुधाचा रतीब असतो तसा वेळेचा रतीब. त्यांच्या घरात हे काम १८३६ पासून, वडील, मग आई, मग त्या, १९४० पर्यंत. त्या घड्याळाचं नाव त्यांनी अर्नोल्ड ठेवलेलं.

बाबा, तुमच्यासाठी खास एक गोष्ट राखून ठेवलीय. आपल्याकडे १९०६ च्या आधी अख्ख्या देशाची एक वेळ नव्हतीच. मुंबईचं घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासचं ५ तास २१ मिनिटं, आणि रेल्वे चालायची मद्रास टाइमवर. म्हणजे मुंबईत गावाचं आणि गाडीचं घड्याळ अर्ध्या तासाने वेगळं. मी मिरजेचा हिशोब करून बघितला, रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटं, तर आपल्या डोक्यावरच्या सूर्यापेक्षा रेल्वेची वेळ साधारण बावीस मिनिटं पुढे यायची. सूर्य बघून निघालेल्या माणसाची गाडी चुकत असेल की नाही? मग मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेघेवर साडेपाच तास ठरले आणि १ जानेवारी १९०६ पासून ते लागू झाले. मुंबईकरांना हे अजिबात रुचलं नाही, त्यांनी पुढे कितीतरी वर्षं मुंबई टाइम चालू ठेवला, पन्नासचं दशक उजाडेपर्यंत. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. आपल्या गावचा सूर्य माथ्यावर आला की बारा वाजावेत असं वाटणारच ना, आजही मिरजेत सरासरी साडेबाराला सूर्य माथ्यावर येतो आणि आज्जी म्हणतेच की घड्याळाचे बारा म्हणजे खरे बारा नव्हेत.

आणि आज्जी, तू दिवाळीत विचारलं होतंस की तिकडे लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी कसं काय केलं. त्याचंही उत्तर हेच आहे. अमावास्या संपायचा क्षण अख्ख्या जगाला एकच असतो, यावेळी तो २१ तारखेला यूटीसीच्या १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास होता. त्या क्षणी मिरजेत संध्याकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं कमी, दिवेलागणीची वेळ. लंडनमध्ये त्याच क्षणी दुपारचा दीड वाजायला पाच मिनिटं कमी होती, म्हणजे २१ च्या संध्याकाळी इथे अमावास्या उरलीच नव्हती, म्हणून इथल्या बऱ्याच मंडळींनी २० लाच केलं. चंद्र एकच. तुझ्या हजार चंद्रांतला प्रत्येक चंद्र मला इथूनही तोच दिसलाय, फक्त पंचांग लंडनचं बघावं लागतं.

आता कामाचं. आई, कॅलेंडरशेजारी हे लिहून ठेव. आजपासून २९ मार्चपर्यंत साडेपाच तास, मी नाइट संपवून आठला बाहेर पडले की तुमच्याकडे दीड वाजलेला असेल, त्याआधी फोन लागला नाही तर घाबरू नकोस, मोबाइल लॉकरमध्ये असतो. २९ मार्चच्या रविवारपासून परत साडेचार, तेव्हा साडेबारा. मी आदल्या शनिवारी दादाला आठवण करते. आणि येत्या रविवारी मला सुट्टी आहे, सकाळी सातला उठून फोन लावते, तुमच्याकडे साडेबारा, आज्जीला परत एकदा पाटावर बसवा, वहिनीला म्हणावं निरांजन तयार ठेव, मी इथून ओवाळते.

तुमची,
माई