हिऱ्याच्या खाणीवरून आई-बाबांना

ज्वानेंग, बोत्सवाना

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, शेजारच्या काकूंना सांगून टाक, तुझ्या लेकीच्या हाताला अजून एकही हिरा लागलेला नाही आणि लागणारही नाही.

बाबा, वरून पाहिलं तर ही तुमच्या चंद्रपूरच्या कोळसा खाणीसारखीच ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खाण. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, शॉवेल, डंपर, पाळ्या. फक्त खोली चारशे मीटरच्या वर. कोळशाचा थर आडवा पसरतो, इथला किंबरलाइट, म्हणजे हिरे असलेला खडक, गाजरासारखा उभा खाली गेलाय. जितकं खाली जावं तितकं वरचं तोंड रुंद करत न्यावं लागतं, नाहीतर भिंती टिकायच्या नाहीत. अशा एकेका रुंदीकरणाला 'कट' म्हणतात. कट-8 2010 मध्ये सुरू झाला, आता कट-9 चालू आहे. आधी वर्षानुवर्षं नुसता ओबी, म्हणजे वरची माती-दगड उपसायचा, ओर म्हणजे हिऱ्यांचा खडक मागाहून. माझं काम या भिंतींवर नजर ठेवायचं. रडार दिवसरात्र चालू असतं, भिंत मिलिमीटरांत सरकली तरी कळतं. शंका आली की आधी माणसं बाहेर. तेव्हा आई, रात्रपाळी म्हटलं की जीव टांगणीला लावू नकोस.

आता हिशेब ऐका. टनभर ओरमध्ये जेमतेम सव्वा कॅरेट, म्हणजे पाव ग्रॅम. शंभर टन फोडा, पंचवीस ग्रॅम मिळतील! तरीही किमतीच्या मानाने ही जगातली सर्वांत श्रीमंत हिरेखाण समजतात.

फोडलेला ओर फेरोसिलिकॉनची (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूची) पूड मिसळलेल्या पाण्यात घुसळतात. जड खडे तळाला जातात. तेवढेच एक्स-रेखाली सोडतात. हिरा त्यात चमकतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पुढची निवडही बंद पेट्यांत, हातमोज्यांतून. त्या इमारतीला सगळे 'अ‍ॅक्वेरियम' म्हणतात.

मला सर्वांत आवडली ती शोधाची गोष्ट. किंबरलाइटवर कलहारीच्या वाळूचा पन्नासेक मीटर थर होता. वाळवीने खालचे गार्नेटसारखे बारीक कण वर आणले म्हणे आणि भूगर्भवाल्यांनी त्यावरून माग काढला. 1982 मध्ये खाण सुरू झाली. खाणीच्या कंपनीत निम्मा वाटा इथल्या सरकारचा, आणि देशाच्या निर्यातीतला सुमारे 80 टक्के पैसा हिऱ्यांचा. म्हणून सध्या इथे चहाच्या वेळी एकच विषय, प्रयोगशाळेतला हिरा. इथल्या खड्याला पैलू पाडतं सुरत, आणि त्याचा भाव पाडणारे हिरेही सुरतेतच मशीनमध्ये तयार होतात. 2024 मध्ये उत्पादन बरंच कमी केलं. माझ्या नोकरीला तूर्त धोका नाही, भिंती काही मंदी पाहून थांबत नाहीत.

बाबा, इथला पाऊस नोव्हेंबरात लागतो. बेंचवरचं, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांवरचं पाणी काढायला तुम्ही चराला उतार किती ठेवायचात, ते सविस्तर लिहा. फोनवर तुम्ही "सगळं ठीक" म्हणता आणि आईकडे देता.

तुमची,
मनू