जे आले, त्यांची गोष्ट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशीर झाला, कारण पत्राच्या शेवटी तू सहज विचारलेला प्रश्न मला काही सहज वाटेना. 'चिखलात तीस धिप्पाड माणसं एकमेकांवर तुटून पडतात, त्यात तुला एवढं काय दिसतं?' दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा नियम समजावण्यातच पान संपलं. ते कागद फाडले. आता नियमांपैकी एकच सांगतो.

रग्बीत चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, याला 'ट्राय' म्हणतात. आज त्याचे पाच गुण मिळतात. सुरुवातीला मात्र एकही मिळत नसे. चेंडू टेकवला की गोलवर लाथ मारून बघायची फक्त संधी मिळायची, म्हणून ते नाव. एवढी झटापट करून हाती काय, तर प्रयत्न करायची परवानगी! गुण बदलत गेले, नाव तेच राहिलं. मला या खेळाची पहिली ओढ त्या शब्दाने लावली.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरात रेबर्न प्लेस मैदानावर झाला. स्कॉटलंडच्या क्लबांनी वर्तमानपत्रातून इंग्लंडला आव्हान दिलं होतं. तेव्हा एका बाजूला वीस-वीस खेळाडू असत. स्कॉटलंड जिंकलं. १८८३ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चौघांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. १९१० मध्ये फ्रान्स आलं, २००० मध्ये इटली, आणि तिचं नाव झालं सिक्स नेशन्स. या स्पर्धेतल्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा चषक बघ. त्याचं नाव कलकत्ता कप.

कलकत्त्यातल्या इंग्रज मंडळींनी १८७० च्या दशकात तिथे रग्बीचा क्लब काढला होता. काही वर्षांतच सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले आणि क्लब बंद करायची वेळ आली. उरलेला पैसा वाटून घेता आला असता. त्यांनी बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. त्याचे तीन कान म्हणजे फणा काढलेले नाग, आणि झाकणावर हत्ती. १८७९ मध्ये त्यासाठी पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. क्लब कधीच मोडला, पण त्याच्या गंगाजळीतल्या चांदीसाठी दोन देश अजून जिवाच्या आकांताने खेळतात. मोडलेल्या संसाराचं याहून चांगलं काही झालेलं मला ठाऊक नाही.

पण मला तुला सांगायचं आहे ते डब्लिनबद्दल.

३० जानेवारी १९७२. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी तेरा माणसं मेली. तीन दिवसांनी डब्लिनमधली ब्रिटिश वकिलात जाळली गेली. त्या मोसमात आयर्लंडचा संघ पॅरिसमध्ये जिंकला होता, लंडनमध्येही जिंकला. उरलेले दोन सामने घरच्या मैदानावर होते. स्कॉटलंड आणि वेल्सनी डब्लिनला यायला नकार दिला. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, भीती खरी होती. पण स्पर्धा अर्धवट राहिली आणि आयरिश खेळाडूंच्या त्या पिढीचा घास तोंडाशी येऊन हिरावला गेला.

पुढच्या वर्षी इंग्लंडची पाळी होती. ज्यांच्या सैन्यावर सगळा राग, त्यांचीच. १० फेब्रुवारी १९७३ ला इंग्लंडचा संघ लॅन्सडाउन रोडच्या मैदानात उतरला आणि डब्लिनचे लोक उभे राहिले. पाच मिनिटं टाळ्या थांबल्या नाहीत म्हणतात. इंग्लंड १८-९ असं हरलं. रात्रीच्या मेजवानीत त्यांचा कर्णधार जॉन पुलिन म्हणाला, आम्ही फारसे चांगले नसू, पण निदान येतो तरी. पुन्हा टाळ्या. त्या वर्षी पाचही संघांनी दोन-दोन सामने जिंकले आणि विजेतेपद पाचांत वाटलं गेलं. असं त्या स्पर्धेत दुसऱ्यांदा कधी घडलेलं नाही.

पुलिनचं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तू आठवलास. बाबा गेले त्या पहाटे तू रात्रभराचा प्रवास करून दारात उभा होतास. फारसं काही बोलला नसशील. काय बोललास हे आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. तू आला होतास, एवढंच आठवतं.

तर हे असं आहे. मी या स्पर्धा बघतो तेव्हा कोण जिंकलं याआधी कोण आलं, कसं आलं, हे बघत असतो.

वर्ल्ड कप तसा अलीकडचा. १९८७ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पहिला झाला, सोळा संघ होते, आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ असं हरवलं. चषकाला विल्यम वेब एलिसचं नाव आहे. १८२३ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेत त्याने चेंडू हातात घेऊन धाव ठोकली, ही त्याची दंतकथा. पुरावा नसल्यासारखाच, पण गोष्ट गोड आहे, राहू दे. त्या पहिल्या दोन स्पर्धांत दक्षिण आफ्रिका नव्हती. वर्णभेदामुळे तिच्यासाठी दार बंद होतं. १९९५ मध्ये ती आली ती यजमान म्हणूनच. अंतिम सामना जादा वेळेपर्यंत गेला, दक्षिण आफ्रिकेच्या जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने (चेंडू हातातून जमिनीवर टाकून, उसळताच गोलवर मारलेल्या लाथेने) १५-१२ असा मिटला, आणि नेल्सन मंडेलांनी चषक दिला तो त्यांच्या कर्णधाराची सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून. ज्या जर्सीचा काळ्या माणसांनी वर्षानुवर्षं तिरस्कार केला, तीच. पण संघात तेव्हा गोरा नसलेला एकच खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. त्यामुळे त्या दिवसाला मी शेवट मानत नाही. २००७ ची फायनल सिया कोलिसी नावाच्या मुलाने वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात बघितली, कारण घरी टीव्ही नव्हता. २०१९ मध्ये योकोहामाला तोच सहा क्रमांक घालून, दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून, त्याने चषक उचलला. २०२३ मध्ये पुन्हा. त्या वेळी त्यांनी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: २९-२८, १६-१५, १२-११. ते तीन आठवडे मी नीट झोपलो नाही.

आता जपानचं ऐक. १९९५ मध्ये न्यूझीलंडने त्यांना १४५-१७ असं लोळवलं होतं. २०१५ पर्यंतच्या सगळ्या वर्ल्ड कपांत मिळून जपानचा विजय एकच, तोही झिम्बाब्वेवर. १९ सप्टेंबर २०१५ ला ब्रायटनमध्ये समोर दक्षिण आफ्रिका, दोन वेळची जगज्जेती. ऐंशी मिनिटं संपली तेव्हा जपान २९-३२ असं मागे होतं आणि त्यांना पेनल्टी मिळाली. गोलवर मारली असती तर तीन गुण, बरोबरी, आणि तेवढ्यावरही देशाने त्यांना डोक्यावर घेतलं असतं. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटायचं. चेंडू एकदा जरी हातून सुटला असता तरी सामना तिथेच संपला असता. मी एव्हाना पडद्यासमोर उभा होतो. चेंडू उजवीकडे गेला, परत डावीकडे आला, आणि कार्न हेस्केथ कोपऱ्यात झेपावला. ३४-३२. एक वयस्क जपानी प्रेक्षक रडताना दिसला आणि माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या. साखळीत तीन सामने जिंकूनही जपान बाद फेरीत पोचलं नाही. त्याचं दुःख मला अजून आहे.

चार वर्षांनी स्पर्धा जपानमध्येच भरली. कामाइशी गावात २०११ च्या त्सुनामीने दोन शाळांच्या इमारती वाहून नेल्या होत्या, त्याच जागेवर त्यांनी स्टेडियम बांधलं. तिथला नामिबिया-कॅनडा सामना वादळामुळे रद्द झाला. कॅनडाचे खेळाडू निघून गेले नाहीत. फावडी घेतली आणि गावातल्या रस्त्यांवरचा चिखल उपसत राहिले.

आणि बायकांचं सांगितल्याशिवाय हे पत्र संपवता येणार नाही. १९९१ मध्ये वेल्समध्ये महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला, तो इंग्लंडमधल्या चार खेळाडूंनी नोकऱ्या सांभाळून भरवला. जागतिक संघटनेने त्याला मान्यताही दिली नव्हती. सोव्हिएत संघाला देशाबाहेर पैसे नेता येत नव्हते, म्हणून त्या बायका विकायला व्होडका आणि बाहुल्या घेऊन आल्या. आल्या हे महत्त्वाचं. अमेरिका जिंकली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला ट्विकेनहॅमवर इंग्लंड आणि कॅनडाच्या बायका अंतिम सामना खेळल्या तेव्हा ८१,८८५ प्रेक्षक होते. त्या चौघींपैकी कुणी तिथे बसली असेल तर तिला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तू त्या एकमेकांवर तुटून पडणाऱ्या माणसांच्या ढिगाबद्दल लिहिलं होतंस ना? पुढच्या वेळी शिट्टी झाल्यावर टीव्ही लगेच बंद करू नकोस. कितीतरी वेळा एक संघ दोन रांगा करून उभा राहतो आणि दुसरा त्यांच्यामधून टाळ्या घेत बाहेर जातो. मग उलट. कुणाच्या भुवईतून रक्त येत असतं, कुणाचा कान सुजलेला असतो.

फेब्रुवारीत सिक्स नेशन्स सुरू होईल. कलकत्ता कपाच्या सामन्याची तारीख कळली की कळवतो. नियम तिथल्या तिथे सांगेन, तुला आधी काही वाचायची गरज नाही. वरच्या खोलीत तुझी गादी टाकून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ये.

तुझा,
अनंत