आई-बाबा, फोनवर अर्धवट राहिलेलं उत्तर

फ्रीटाऊन, सिएरा लिओन
जहाजावरून

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सेवाच करायची होती तर जामखेड काय लांब होतं?" आणि तेवढ्यात आवाज तुटला. आई, मी रागावून फोन ठेवला नाही गं. मी नर्स म्हणून आलेय त्या हॉस्पिटल-जहाजाचे वॉर्ड खालच्या मजल्यांवर आहेत, चारी बाजूंनी पोलाद. तिथे फोनचं काही खरं नसतं. आज दुपारपर्यंत सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न बरोबरच आहे. आरोळे डॉक्टर पतिपत्नींनी 1970 मध्ये जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं जे काम सुरू केलं, ते या जहाजाला कधी जमणार नाही. अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्याच हातात द्यायचं, तर तिथेच मुक्काम ठोकावा लागतो. आणि दोन आठवड्यांसाठी परदेशी जाऊन शाळेच्या भिंती रंगवून येणारे गट मलाही पटत नाहीत. भिंत रंगवायला गावात रंगारी असतो, त्याची मजुरी का बुडवायची?

पण इथलं काम वेगळं आहे. 'ग्लोबल मर्सी' हे आख्खं हॉस्पिटल आहे. 174 मीटर लांब जहाज, सहा ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, सीटी स्कॅन, लॅब, सगळं आत. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा फ्रीटाऊनच्या धक्क्याला लागलं. चालवणारी संस्था मर्सी शिप्स, 1978 पासूनची. ऑपरेशन, औषधं, जेवण, रुग्णाला कशाचाच पैसा लागत नाही. आणि बाहेरून आलेले आम्ही बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक, उलट येण्याजाण्याचा खर्च आम्हीच करतो. (बाबा, हिशेबाच्या वहीत हे कुठल्या खात्यात मांडायचं ते तुम्ही ठरवा.) मी गेले की माझ्या जागी दुसरी नर्स येणार, तिच्या जागी तिसरी. बायबलमध्ये म्हटलंय तसं, पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं. माझ्या वाट्याला पाण्याच्या दोन बादल्या आल्या, एवढंच. काम थांबत नाही, म्हणून मला थोड्या दिवसांसाठी येता येतं.

आता आनंदाचं सांगते, कारण आईने तेच विचारलं होतं, "खूश आहेस ना?"

आई, मी इतकी वर्षं नर्सिंग करते, पण पहिल्यांदाच असं झालंय की मी ड्रेसिंग ट्रॉली घेऊन निघते आणि मध्ये काउंटर येत नाही. तिकडे आपल्या हॉस्पिटलात मी पेशंटकडे जायच्या आधी फाइलवर डिपॉझिट भरल्याचा शिक्का बघते. कोणाचं भरलेलं नसेल तर त्याच्या नातेवाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही. ही सवय इतकी अंगात मुरली होती की पहिल्या दिवशी इथेसुद्धा मी चार्ट उलटून तो शिक्का शोधत होते. इथे फक्त जखम बघायची. एवढ्या साध्या गोष्टीने माणूस इतका हलका होतो, हे मला ठाऊक नव्हतं. शिफ्ट संपते तेव्हा पाय तितकेच दुखतात, पण झोप लागते.

माझा वॉर्ड बहुतेक भाजलेल्यांचा. अंगणात चूल, उकळतं पातेलं, रांगतं पोर, पुढचं तुम्हाला सांगायला नको. वेळेवर उपचार मिळाले नाहीत की भाजलेली कातडी आवळत जाते, हनुवटी छातीला चिकटते, हाताची बोटं तळव्यात मिटतात. वर्षानुवर्षं तशीच राहतात. सर्जन ती आवळलेली कातडी सोडवतात, मांडीची कातडी काढून तिथे लावतात. नंतरचं सगळं आमच्याकडे. फिजिओवाल्यांनी रोज सांधा ताणायचा, पोराने रडायचं, आम्ही गाणी म्हणायची. एका मुलीने परवा उघडलेल्या पंजाने माझ्या गालावर थापट मारली, व्यायाम पुरे म्हणून. अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मला लागलं चांगलंच.

रुग्णाबरोबर आलेली आई किंवा आजी पलंगाखाली गादी टाकून झोपते. रात्रपाळीला टॉर्च घेऊन फिरताना पाय जपून टाकावा लागतो. दुपारी सगळ्यांना वरच्या मजल्यावर मोकळ्या हवेत नेतात. प्लॅस्टर घातलेली, बँडेज बांधलेली पोरं तिथे तीनचाकी सायकली अशा दामटतात की आपल्यालाच बाजूला व्हावं लागतं. इथल्या लोकांना 'हाउ दि बॉडी' म्हणून विचारायचं, ते म्हणतात, 'आ टेल गॉड टेंकी'. क्रिओ भाषा मला एवढीच येते. मेंदे आणि तेम्ने बोलणाऱ्यांसाठी इथले दुभाषे असतात. खरं तर वॉर्ड तेच चालवतात. कोणती आजी दुखत असूनही सांगणार नाही, ते त्यांना तोंड बघून कळतं.

रक्ताचं सांगायचं राहिलं. जहाजावर रक्तपेढी म्हणजे आम्हीच. गरज लागली की ज्याचा गट जुळतो त्याला बोलावतात. इंजिनरूममधला एक डच माणूस दुपारी हाताला ग्रीस लागलेला आला, बाटलीभर रक्त देऊन जेवायला गेला. संध्याकाळी तेच रक्त मी एका शेतकऱ्याला चढवलं. ओळख ना देख, भाषा ना धर्म. मी उगाच दोनदा बाटलीकडे बघितलं.

धर्मावरून आठवलं. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं म्हणे, "लोकांना ख्रिस्ती करायला गेलीये का?" त्यांना सांग, हा देशच बहुसंख्य मुस्लिम आहे, माझ्या वॉर्डातलेही बरेचसे तेच. पलंग देताना कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, बरं झाल्यावर तर नाहीच. रविवारी वॉर्डात उपासना होते, ढोल वाजतो, ज्याला यायचं तो येतो. कोणी मागितलं तर आम्ही प्रार्थना करतो. एका आजीने आपला नमाज आटोपला आणि मग माझा हात धरून म्हणाली, आता तू तुझी कर. मी मराठीतच केली, दुसरी कुठली सुचली नाही. इथे एकाच घरात दोन्ही धर्म असतात, ईद आणि नाताळ दोन्ही होतात. काकूंना विश्वास बसणार नाही, पण सांग.

बाबा, तुमच्या आजीची गोष्ट मला इथे वारंवार आठवते. 1900 च्या दुष्काळात नगरला मिशनच्या दारात आलेली पोर. तिला ज्या बाईंनी वाढवलं, त्याही अशाच बोटीने आल्या असतील. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 मध्ये, तेव्हापासून किती जणी आल्या आणि कितीजणी तिथल्याच मातीत राहिल्या. मी त्यांच्या पंक्तीला बसत नाही. त्यांनी अख्खं आयुष्य दिलं, मी रजा दिलीये. पण आपल्या घराने इतकी वर्षं घेतलं, आता थोडं आपल्याकडून जातंय, याचं मला मनापासून बरं वाटतं. जामखेडला मी जाईनही, पण हे परदेशी परतफेडीचं वेड थोडं वेगळं आहे, ते तुम्ही समजून घ्या.

सगळंच गोड नाही. जहाजाची एसी हाडात शिरते. काही लोकांना तपासून परत पाठवावं लागतं, कारण त्यांचा आजार ऑपरेशनने बरा होणारा नसतो. ती ड्युटी माझी नाही, पण गेटवरून परतणारी माणसं दिसतात. 80 लाखांहून जास्त लोकांचा देश आणि सर्जन मोजके. इथल्या डॉक्टर-नर्सनाही जहाजावर शिकवतात, ते वाढायला हवं. नाहीतर जहाज गेल्यावर पुन्हा तेच.

जेवणाचं म्हणाल तर मजा आहे. जहाजावरचं अन्न मिळमिळीत, पण दुभाष्यांच्या डब्यातली कसावाच्या पाल्याची भाजी, पामतेल आणि सुकी मासळी घातलेली, भाताबरोबर झकास लागते. शेंगदाण्याचं तिखट कालवण तर आपल्या आमटीची आफ्रिकेत दिलेली बहीणच वाटतं. शहरात गेले की केकेमध्ये बसते. केके म्हणजे आपली रिक्षा. परवाच्या रिक्षावर बजाज लिहिलेलं होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं की यांचा कारखाना आमच्याकडे वाळूजला आहे, तर त्याने भाडं कमी करायच्या ऐवजी सुटे भाग महाग का, हे मला विचारलं.

निघताना लुंगी विमानतळाला जायला पुन्हा खाडी ओलांडायची आहे. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड पर्समध्ये वेगळं ठेवलंय. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर घरी नाही, विलगीकरणात नेतात. आई, मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही काही दिवस चालू राहतील, घाबरू नकोस.

पाळकसाहेब मला रविवारी चर्चमध्ये पुढे बोलावणार, हे ठरलेलंच आहे. त्यांना आत्ताच सांगून ठेवा, बोलेन, पण पडद्यावर दाखवायला फोटो नाहीत. रुग्णांचे फोटो आम्हाला काढता येत नाहीत आणि मला तो नियम आवडतो. आणि एक, तुम्हाला नावडेल म्हणून पत्रात लिहिते: पुढच्या वर्षीच्या रजेसाठी मी मेट्रनना आधीच मेल केलाय. उत्तर यायचंय.

बाबा, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी. आई, तू लक्ष ठेव.

तुमची मोठी